मशीनचं पाणी फ्लशला वापरायचंय? मग ते आजचं आज संपवा

प्रश्न असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवर दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात चार माणसं, ड्राय बाल्कनीत साडेसहा किलोचं टॉप लोड ऑटोमॅटिक मशीन. एप्रिल लागला की सोसायटीत टँकर सुरू होतात आणि त्याचं बिल मेन्टेनन्समध्ये येतं. मशीनचं पाणी डोळ्यांदेखत नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या मोरीत जातं. ते पाइपाने थेट फ्लशच्या टाकीला जोडता येईल का, उरलेलं कुंड्यांना चालेल का, आणि त्याला कुठला फिल्टर लावावा?

फ्लशच्या टाकीला जोडू नका. फिल्टरवरही पैसे घालू नका. एक झाकणाचा ड्रम, एक पाऊण इंची कॉक आणि दोन बादल्या एवढ्यावर काम होतं. अट एकच: सकाळी साठलेलं पाणी रात्री झोपण्यापूर्वी संपलं पाहिजे.

आधी हिशेब. माणशी रोज १३५ लिटर हा आपल्याकडचा नियोजनाचा आकडा, म्हणजे चौघांचे ५४० लिटर. यातला मोठा आणि सगळ्यात निरर्थक वाटा फ्लशचा. जुनी टाकी एका वेळेला ९-१० लिटर सोडते. चार माणसं, प्रत्येकी पाच वेळा, म्हणजे २०० लिटर चांगलं पाणी रोज गेलं. तुमच्या मशीनमधून एका धुण्याला, धुणं आणि दोन वेळा खळबळणं धरून, ११० ते १३० लिटर पाणी निघतं. बादलीने ओतून फ्लश केलं तर ६ लिटर पुरतात. २० फ्लशना १२० लिटर. म्हणजे ज्या दिवशी मशीन लागतं त्या दिवसाचं फ्लश त्या दिवसाच्या धुण्यात भागतं, शिल्लक काही राहत नाही. यामुळेच फिल्टर लागत नाही. फिल्टर, क्लोरीन, तुरटी हे सगळे उद्योग पाणी साठवायचं ठरवलं की सुरू होतात.

साबणाच्या पाण्यात अंगाचा मळ, तेल, कपड्याचा धागा असतो. जिवाणू त्यावर ताव मारतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. उन्हाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत १८-२४ तासांत हे होतं. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. तुरटी फिरवली तर पाणी दिसायला निवळ होतं, पण विरघळलेला साबण आणि मळ तसाच राहतो, त्यामुळे वास थांबत नाही. वास सुटलेलं पाणी सरळ नहाणीत सोडून द्या, त्याच्यावर उपचार करत बसू नका. त्यात ब्लीच घालून ते कमोडमध्ये ओतणं तर नकोच. कमोडमध्ये आधीच ॲसिडचा टॉयलेट क्लीनर पडलेला असला, तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो श्वासात जाणं गंमत नाही.

आता टाकीला का जोडायचं नाही, ते नीट समजून घ्या, कारण प्लंबर 'हो साहेब, होऊन जाईल' म्हणतो आणि दोन तासांत करूनही देतो. पहिलं कारण किरकोळ आहे. कपड्याचा धागा टाकीच्या तळाच्या रबरी वायसरखाली अडकतो, वायसर पूर्ण बसत नाही आणि कमोडमध्ये बारीक धार चालू राहते. शिवाय टाकीच्या आत साबणाचा बुळबुळीत थर धरतो आणि टाकीच वास मारायला लागते. दुसरं कारण गंभीर आहे. बहुतेक इमारतींत फ्लशच्या टाकीला येणारी लाइन आणि स्वयंपाकघरातली लाइन गच्चीवरच्या एकाच टाकीतून उतरते. गच्चीची टाकी रिकामी झाली आणि खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला, की उभ्या पाइपात ओढ तयार होते. त्या वेळी तुमच्याकडे धुण्याचं पाणी आणि चांगलं पाणी एखाद्या टी जॉइंटने जोडलेलं असेल, तर धुण्याचं पाणी खालच्यांच्या नळाला जाऊ शकतं. पाणी एकाच दिशेने सोडणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावला तरी त्यावर विसंबू नका, धागा त्याच्याही तोंडाशी अडकतो. दोन पाण्यांच्या मध्ये मोकळी हवा असणं हाच खात्रीचा उपाय, आणि बादली म्हणजे तीच मोकळी हवा.

ड्रम १०० लिटरचा घ्या, २०० चा नको. भरलेला २०० लिटरचा ड्रम २०० किलोचा होतो आणि ते सगळं वजन जेमतेम दोन फूट व्यासाच्या जागेवर येतं. ड्राय बाल्कनी बहुधा पुढे काढलेला स्लॅब असतो. तिथे कठड्याजवळ नव्हे, घराच्या भिंतीला चिकटून ड्रम ठेवा. वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींत, जिथे बाल्कनीच्या खालून प्लॅस्टर सुटून गंजलेली सळई दिसते, तिथे ड्रम ठेवूच नका, दोन बादल्यांवर भागवा. आणखी एक. भंगारवाल्याकडचे निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण त्यात आधी कुठलं केमिकल होतं हे तो सांगू शकत नाही. एमआयडीसीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर हा मोह टाळावाच. नवा घ्या किंवा खाद्यतेलाचा धुतलेला. आणि त्यावर लाल रंगाचा जाड पट्टा ओढा. पाणीपुरवठ्याच्या शटडाउनच्या आदल्या दिवशी घरात असेल त्या प्रत्येक ड्रममध्ये पिण्याचं पाणी भरून ठेवतात. त्या गडबडीत कोणता ड्रम कशाचा हे कामवाल्या मावशींना कळायला हवं.

ड्रम दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर उंच लोखंडी स्टँडवर ठेवा. साधी २० लिटरची बादली साधारण ३५ सेंटिमीटर उंच असते, ती कॉकखाली आरामात बसली पाहिजे. कॉकसाठी भोक ड्रमच्या तळापासून ५ सेंटिमीटर वर पाडा, म्हणजे खाली बसलेला गाळ बादलीत येत नाही. अर्धा इंची कॉक घेऊ नका, महिन्याभरात धाग्याने तुंबतो. पाऊण इंची बॉल व्हॉल्व्हचा कॉक आणि त्याच मापाचा टँक निपल (ड्रमच्या भोकात बसवायचा आट्यांचा तुकडा) घ्या. भोक २७-२८ मिलिमीटरचं, ड्रिलला होल सॉ (गोल करवत) लावून पाडायचं. तापलेल्या सळईने पाडलेलं भोक कधी गोल येत नाही आणि तिथून कायम ठिबकतं. निपलचा एक रबरी वायसर आतून, एक बाहेरून. आट्यावर टेफलॉन टेपचे आठ-दहा वेढे. नट हाताने आवळून मग पान्याने पाव फेरा, जास्त नाही. जास्त आवळला की वायसर बाहेर सरकतो आणि जी गळती थांबवायची तीच सुरू होते.

वरच्या काठापासून चार बोटं खाली ओव्हरफ्लोसाठी ४० मिलिमीटरचा पाइप काढा आणि त्याचं तोंड नहाणी ट्रॅपच्या जाळीच्या वर मोकळं सोडा. ओव्हरफ्लोचा पाइप मशीनच्या पाइपापेक्षा जाडच हवा. मशीनचा पंप मिनिटाला १५-२० लिटर सहज फेकतो. बारीक ओव्हरफ्लो ते झेलू शकत नाही आणि पाणी खालच्यांच्या बाल्कनीत उतरतं. तिथून मग पुढची सहा महिने लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही.

मशीनचा पाइप ड्रममध्ये कसा सोडायचा, इथे बहुतेक घरांत चूक होते, म्हणून जरा थांबून पाहा. आधी मशीन कुठल्या जातीचं आहे ते बघा. काही टॉप लोड मशीनमधून पाणी उताराने बाहेर पडतं, आत पंप नसतो. त्यांचा पाइप जमिनीवरच पडलेला असावा लागतो. तो ड्रमच्या काठापर्यंत उचलला की पाणी निघतच नाही आणि मशीन एरर देऊन थांबतं. अशा मशीनला एकतर पसरट टब खाली ठेवून पाणी झेलावं लागतं, नाहीतर मशीनलाच उंच मजबूत चौथऱ्यावर चढवावं लागतं. टब बरा. पंपवाल्या मशीनची अडचण उलटी. पाइपाचं तोंड मशीनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली गेलं आणि पाण्यात बुडलं, तर सायफन तयार होतो. मशीन पाणी भरत राहतं, पाणी आपोआप ड्रममध्ये वाहत राहतं आणि धुणं सुरूच होत नाही. म्हणून पाइप मशीनबरोबर आलेल्या वाकड्या प्लॅस्टिकच्या हुकात बसवून ड्रमच्या काठाला अडकवा. उंचीची नेमकी मर्यादा मशीनच्या पुस्तिकेत असते, ती पाळा. तोंड ड्रमच्या आत पण पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, आणि झाकणाला पाडलेलं भोक पाइपापेक्षा बोटभर मोठं ठेवा.

पाइपाच्या तोंडाला नायलॉनचा जुना मोजा किंवा कांदे-बटाट्याची बारीक जाळीची पिशवी सैल बांधा. दर तीन-चार धुण्यांनी ती उलटी करून धागा झटका. घट्ट बांधली आणि विसरलात तर धाग्याचा नमदा तयार होतो आणि पंपावर दाब येतो. टॉवेल आणि चादरीच्या धुण्यानंतर ही जाळी हमखास भरते.

ज्या धुण्यात बाळाची लंगोटं असतील किंवा घरात जुलाब-कावीळ असेल, त्याचं पाणी ड्रममध्ये घेऊ नका. ते संडासच्या पाण्यात मोजायचं. भांड्यांच्या सिंकचं पाणीही नाही. त्यातलं तेल ड्रमच्या भिंतीला चिकटतं आणि वास काही तासांतच सुटतो. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वेगळं. ते पातेल्यात धरून त्याच दिवशी कुंडीत घाला, दुसऱ्या दिवशी ते आंबतं.

फ्लश करताना मगाने थोडं थोडं ओतू नका, त्याने काही वाहून जात नाही. छोट्या बादलीत ६ लिटर घ्या आणि दोन-तीन सेकंदांत एका धारेने, कमोडच्या पाणी साठलेल्या भागावर नेमून ओता. सायफन धरतो आणि सगळं ओढून नेतो. मग सावकाश अर्धा-एक लिटर ओता, म्हणजे कमोडमध्ये पाण्याची सील परत भरते. नाहीतर ड्रेनेजचा वास घरात येतो. सहा लिटर म्हणजे सहा किलो, तेही ओल्या फरशीवर उचलायचं. घरात सत्तरीचं माणूस असेल तर त्यांना फ्लशचं बटण दाबू द्या. चार-पाच फ्लशचं पाणी वाचवायला कमरेचं हाड पणाला लावायचं नसतं.

ड्राय बाल्कनी स्वयंपाकघराला लागून, आणि संडास पॅसेजच्या टोकाला. भरलेली बादली नेताना थेंब सांडत जातात. त्यापेक्षा कॉकला पाऊण इंची गार्डन पाइप लावून तो संडासातल्या बादलीपर्यंत न्या. ड्रम स्टँडवर असल्याने आठ मीटर अंतरावरही १० लिटरची बादली मिनिट-दीड मिनिटात भरते. पाइप मध्ये कुठे कमानीसारखा वर उचलला जाऊ देऊ नका, तिथे हवा अडकते. पंप लावायची गरज नाही, आणि ओल्या जागेत विजेची वायर जितकी कमी तितकी बरी.

एक गोष्ट कोणीच सांगत नाही. मशीनचं सगळं पाणी ड्रममध्ये वळवलं आणि ओव्हरफ्लो फारसा होत नसेल, तर ड्राय बाल्कनीच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत उडून जातं. ते पाणी हाच झुरळं आणि वास अडवणारा पडदा असतो. दर आठवड्याला त्यात एक तांब्या पाणी ओता.

डासांचंही बघा. डेंग्यूचा एडीस डास अंड्यापासून उडण्यापर्यंत उन्हाळी-पावसाळी हवेत सात ते दहा दिवस घेतो. रोज रिकामा होणारा ड्रम या हिशेबात अडकत नाही, पण अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम पूर्ण उपसून आतली भिंत काथ्याने घासायची. नुसता विसळून उपयोग नाही. ओव्हरफ्लोच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा लावा. चार दिवस गावी जाताना ड्रम रिकामा, कॉक उघडा, झाकण लावलेलं.

कुंड्यांना हे पाणी चालतं, पण सरसकट नाही. धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार भरपूर असतात आणि पहिल्या धुण्याचं पाणी चांगलंच अल्कलीयुक्त असतं. सोडियम साठला की मातीचे कण सुटे होऊन चिकटतात, माती वरून चिकणमातीसारखी घट्ट होते आणि पाणी मुरायला मिनिटं लागतात. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं, पानांच्या कडा करपलेल्या, घातलेलं पाणी वर डबकं करून उभं: ही तीन लक्षणं दिसली की समजा. म्हणून झाडांना फक्त शेवटच्या खळबळण्याचं पाणी, तेही पानांवर नाही, मातीत. दोन वेळा हे पाणी, तिसऱ्या वेळी साधं, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत. बिघडलेल्या कुंडीला १० इंची मापाला एक चमचा जिप्सम मातीत मिसळून, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट साधं पाणी सावकाश घाला. कर्दळ, अळू, केळ या पाण्यावर मजेत वाढतात. अनंत आणि कढीपत्ता रुसतात. मेथी-कोथिंबीर-मुळ्याला घालूच नका. तुळशीचा विषय तर काढूच नका. वापरलेलं पाणी तुळशीला घालायचं नाही, यावर घरातल्या मोठ्यांशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. आणि जून ते सप्टेंबर कुंड्यांना पाणी लागतच नाही, तेव्हा निव्वळ झाडांच्या भरवशावर केलेली योजना वर्षातले चार महिने बंद असते. फ्लशची बाराही महिने चालते.

पावडर मात्र आधी निम्मी करा. आपल्या भागाला पाणी देणारी भातसा, बारवी, मोरबे ही सगळी पावसाळी पाण्याची धरणं, पाणी मुळात मऊ आणि क्षार कमी. मऊ पाण्यात पावडर जास्त फेसाळते. झाकणावर लिहिलेल्या मापाच्या निम्म्याने सुरू करा, कपडे स्वच्छ निघाले तर तेच ठेवा. फेस कमी म्हणजे 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण दाबायची वेळ येत नाही, आणि ते एक बटण ४० लिटरचं आहे. टँकरचं पाणी बोअरचं असेल तर हे गणित बदलतं, तिथे पावडर थोडी वाढवावी लागेल.

याच मुद्द्यावरून आरओ. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, मीटरवर १०० च्या आसपास येत असेल, तर आरओची गरजच नाही. यूएफ (बारीक गाळणी) आणि यूव्ही (जंतू मारणारे किरण) पुरतं. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतो. आरओ बदलायचा नसेल तर त्याचा बारीक पाइप सिंकमधून काढून कॅनमध्ये सोडा. नळाचं पाणी ८० टीडीएसचं असेल तर बाहेर टाकलेलं जेमतेम १२० चं निघतं, म्हणजे फरशी, भांडी, कुंड्या सगळ्याला चालतं. बोअरचं ८०० चं असेल तर तेच १२०० च्या घरात जातं. ते फक्त फ्लशला.

हे सगळं करण्याआधी रविवारी अर्धा तास काढून गळती शोधा, कारण ड्रमने रोज वाचवलेलं पाणी एक सैल वायसर रात्रीत घालवतो. फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ चमचाभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी निळं झालं तर तळाचा वायसर गेला. मिनिटाला २०० मिलिलिटरची नजरेला न दिसणारी धार दिवसाला २८८ लिटर होते. वायसर स्वस्त असतो आणि टाकीचा मुख्य अँगल कॉक बंद करून पंधरा मिनिटांत बदलता येतो. जाताना जुना वायसर खिशात घालून दुकानात न्या, मापं सारखी नसतात. नीळ लागली नाही पण टाकी जुनी १० लिटरची असेल, तर वाळू-पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली फ्लोटला न अडता आत उभी करा. वीट नको, ती झिजून वाळू वायसरखाली जाते.

स्वयंपाकघराच्या आणि बेसिनच्या नळाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी लावा. सिंकचा नळ सोडून भांडी घासली तर मिनिटाला ८-१० लिटर जातात, एरेटरने ४-५ वर येतं. बादली भरायच्या नळाला मात्र एरेटर लावून काही वाचत नाही. बादली तेवढ्याच पाण्याने भरते, फक्त दुप्पट वेळ लागतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर दाब आधीच कमी असतो, तिथे एरेटर लावला की गॅस गीझर पेटत नाही अशी तक्रार येते. खालच्या मजल्यांवर उलट. प्रत्येक मजल्यामागे साधारण ०.३ बार दाब वाढतो. बारा मजली इमारतीत, मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर दुसऱ्या मजल्याला ३ बार मिळतात. तिथे सिंकखालचा अँगल कॉक अर्धा फिरवला तरी एरेटरइतकंच काम होतं, तेही फुकट.

तुमच्या सोसायटीबद्दल एक गोष्ट कमिटीला विचारा. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वरचं असेल तर त्याला पर्यावरण मंजुरी लागते, आणि सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरायची अट बहुधा तिच्यात असते. म्हणजे तुमच्या संडासात फ्लशची वेगळी लाइन आधीच असू शकते. फ्लशच्या टाकीचं झाकण उघडून पाणी काचेच्या ग्लासात घ्या आणि शेजारी बेसिनचं पाणी दुसऱ्या ग्लासात. दोन्ही सारखी दिसली, तर टीडीएस मीटर बुडवून बघा. शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा आकडा नळाच्या पाण्यापेक्षा बराच वर असतो. दोन्ही आकडे जुळले, तर फ्लशच्या लाइनलाही टँकरचंच पाणी जातंय. मग ड्रमआधी सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट का बंद आहे, हे पुढच्या मीटिंगमध्ये विचारायला हवं.